ओझरकरांनो, आज जेवताना घरात हे बोलून घ्या



गोष्ट अवघड आहे आणि ती आजच करायची आहे, म्हणून आढेवेढे न घेता सांगतो. आज रात्री सगळे जेवायला बसलात की घरात एक विषय काढा. उद्या माझा मेंदू मेला आणि मशीनवर नुसतं हृदय चालू राहिलं, तर माझे अवयव द्यायचे का? तुमचं उत्तर हो असेल तर हो सांगा, नाही असेल तर नाही सांगा. पण बायकोला, नवऱ्याला, आईवडिलांना, कळत्या मुलांना ते तुमच्या तोंडून ऐकू द्या. पुढे बघू म्हणून ठेवलं की राहून जातं, आणि हा प्रश्न जेव्हा खरोखर विचारला जातो तेव्हा उत्तर द्यायला तुम्ही नसता.

तेव्हा तो तुमच्या माणसांना विचारला जातो. कुठे आणि कसा, ते डोळ्यांसमोर आणा.

मुंबई-आग्रा महामार्ग आपल्या दारावरून जातो. पहाटे बागेत फवारणीला निघालेला, रात्रपाळी करून कारखान्यातून घरी परतणारा, कॉलेजला आडगावकडे निघालेला, कोणीही असो. मोटारसायकलवरून उडाला आणि डोक्यावर हेल्मेट नसलं की मार डोक्यालाच बसतो. त्याला नाशिकला हलवतात, अतिदक्षता विभागात घेतात, व्हेंटिलेटर लावतात. दोन-तीन दिवस जातात. मग डॉक्टर घरच्यांना आत बोलावून सांगतात की तो गेला. घरचे बघतात तर छाती वरखाली होतेय, हात हातात घेतला तर गरम लागतोय, मॉनिटरवर हिरवी रेघ पळतेय, लघवीची पिशवी भरतेय. कोणाच्या आईला पटेल हे?

पण ते खरं असतं. श्वास घ्यायचा हुकूम मेंदूच्या खोडातून सुटतो. ते खोड मेलं की माणूस मेला. व्हेंटिलेटर हवा ढकलतो, हृदयाची स्वतःची विजेची यंत्रणा असल्याने ते प्राणवायू मिळतोय तोवर काही तास, फार तर काही दिवस चालतं आणि मग तेही थांबतं. कोमा वेगळा. कोमातल्या माणसाच्या मेंदूचं खोड जिवंत असतं, तो परत येऊ शकतो. मेंदूमृत माणूस परत येत नाही.

हा निर्णय एका डॉक्टरच्या अंदाजावर सोडलेला नाही. १९९४ च्या मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्याने त्यासाठी चार डॉक्टरांचं मंडळ ठरवून दिलं आहे: रुग्णालयाचा प्रमुख डॉक्टर, सरकारमान्य यादीतला एक स्वतंत्र तज्ज्ञ, मेंदूचा तज्ज्ञ आणि उपचार करणारा डॉक्टर. प्रत्यारोपण करणाऱ्या पथकातलं त्यांत कोणीही चालत नाही. बुबुळांवर उजेड पाडतात, डोळ्याच्या पारदर्शक पटलाला कापसाचं टोक लावतात, कानात बर्फाचं पाणी सोडतात, घशात नळी हलवून खोकला येतो का पाहतात. शेवटी व्हेंटिलेटर काही मिनिटं सुटा करून, नळीतून प्राणवायू देत, रक्तातला कार्बन डायऑक्साइड पुरेसा चढला तरी एक तरी श्वास आपणहून घेतला जातो का, हे बघतात. हे सगळं कमीत कमी सहा तासांच्या अंतराने पुन्हा करावं लागतं. दोन्ही वेळा उत्तर तेच आलं तरच चौघांच्या सह्या होतात. तुमच्यावर वेळ आली तर दोन्ही तपासण्यांच्या वेळा विचारा, कागद बघायला मागा. तो तुमचा हक्क आहे.

सह्या झाल्या की प्रत्यारोपण समन्वयक घरच्यांशी बोलतो. २०११ च्या दुरुस्तीने अशा वेळी अवयवदानाबद्दल विचारणं रुग्णालयाला बंधनकारक केलं आहे. म्हणून तो विचारतो. त्यात त्याचा निर्दयपणा शोधू नका. बाहेरच्या पॅसेजमध्ये तोवर चुलते, मामा, सासरची माणसं, गल्लीतले चार जण जमलेले असतात. त्यातला कोणी तरी म्हणतो, पोराला आता आणखी चिरू नका. दुसरा म्हणतो, पुढच्या जन्मी डोळ्यांवाचून जन्माला येईल. बाप सुन्न बसलेला, आईला शुद्ध नाही. नाही म्हणणं सोपं असतं आणि नाही म्हटलं जातं. मी त्यांना दोष देत नाही. त्या घडीला कोणाकडूनही शहाणपणाची अपेक्षा करणं अन्यायाचं आहे. पण बायको किंवा बहीण एवढंच म्हणाली, की तो स्वतः मला म्हणाला होता, तर सगळा पॅसेज गप्प होतो. निर्णयाचं ओझं कोणाच्याच डोक्यावर राहत नाही, कारण तो ज्याचा त्याने घेतलेला असतो. आज रात्रीच्या बोलण्याचा उपयोग हा आहे.

त्याबरोबर नोंदही करा. केंद्र सरकारच्या राष्ट्रीय अवयव आणि ऊती प्रत्यारोपण संघटनेच्या, म्हणजे नोट्टोच्या, संकेतस्थळावर आधार क्रमांकाने प्रतिज्ञा नोंदवता येते. मोबाइलवर काही मिनिटांचं काम आहे. मात्र नुसतं कार्ड पाकिटात असून भागत नाही. कायदा तुमच्या इच्छेला मान देतो, तरी प्रत्यक्षात घरच्यांच्या लेखी संमतीशिवाय कुठलंही रुग्णालय पुढे जात नाही. मग कार्ड कपाटात सापडतं ते दहाव्यानंतर.

आता पलीकडची बाजू. डायलिसिसवरचा माणूस जवळून पाहिला असेल तर पुढचं वाचायची गरज नाही, आणि आपल्या गावात असं घर शोधायला लांब जावं लागत नाही. आठवड्यातून दोनदा, कुणाला तीनदा, पहाटे उठून नाशिक. जाताना वजन, परतताना वजन. चार तास मशीनला बांधलेला हात. त्या हातात फिस्टुला, म्हणजे डायलिसिससाठी रक्तवाहिन्यांचा जोड, केलेला असतो. त्यावर बोट ठेवलं तर कातडीखाली रक्त घरघरताना लागतं. त्या हाताने बादली उचलायची नाही, त्यावर बीपी मोजायचा नाही, उशाला घ्यायचा नाही. उन्हाळ्यात ओझरच्या उन्हात दिवसभराचं पाणी पेल्याने मोजून प्यायचं. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत डायलिसिस बसतं, पण बुडालेला रोज आणि सोबत येणाऱ्या माणसाची मजुरी कोणत्याच योजनेत बसत नाही. किडनीवाल्याला निदान मशीन तरी आहे. यकृत निकामी झालेल्याला तेही नाही. तो फक्त वाट पाहतो.

ही वाट पाहणाऱ्यांची यादी कशी चालते, यावर लोकांचा विश्वास नाही, आणि नकार देणारे बहुतेक जण तेच कारण सांगतात: आपण द्यायचं आणि मुंबईच्या कुठल्या तरी श्रीमंताला लागायचं. हा संशय खोडून काढल्याशिवाय पुढे बोलण्यात अर्थ नाही.

तुटपुंजी गोष्ट नियमाने कशी वाटायची, हे ओझरने महाराष्ट्राला शिकवलंय. वाघाडचं धरण तिकडे दिंडोरी तालुक्यात, आपण कालव्याच्या टेलला. आवर्तन सुटलं तरी वरच्या अंगाला उपसा होऊन इथवर चारी कोरडीच यायची, ते दिवस काढलेली माणसं अजून गावात आहेत. १९९० च्या सुमारास समाज परिवर्तन केंद्राच्या माध्यमातून बापूसाहेब उपाध्ये आणि भरत कावळे यांनी शेतकऱ्यांच्या पाणी वापर संस्था उभ्या केल्या. पाणी मोजून घ्यायचं, मोजून द्यायचं, आणि वाटप टेलपासून सुरू करायचं. ज्याची इंजिनं मोठी त्याचं पाणी, हा न्याय मोडला तो नियमाने. पुढे २००५ साली सिंचनाचं व्यवस्थापन शेतकऱ्यांकडे देणारा कायदाच राज्याने केला. त्या नियमाच्या पाठीशी गाव उभं राहिलं नसतं तर तो कागदावरच राहिला असता.

अवयवांच्या बाबतीत १९९४ च्या आधी मोठ्या इंजिनांचंच राज्य होतं. किडनीची उघड खरेदी-विक्री चालायची आणि मुंबई त्या बाजारात पुढे होती. मेंदूमृत्यूला कायद्याची मान्यता नव्हती, त्यामुळे मृत दात्याकडून अवयव घेण्याची वाट जवळपास बंदच होती. फेब्रुवारी १९६८ मध्ये डॉ. पी. के. सेन यांनी केईएम रुग्णालयात भारतातलं पहिलं हृदय प्रत्यारोपण केलं, तरी पुढे पंचवीस वर्षांहून जास्त काळ देशात ते काम थबकलेलंच राहिलं. कायदा झाला आणि फेब्रुवारी १९९५ मध्ये तो सर्वांत आधी लागू झाला त्या तीन राज्यांत महाराष्ट्र होता. बाकीची दोन गोवा आणि हिमाचल प्रदेश.

आज महाराष्ट्रात विभागीय प्रत्यारोपण समन्वय समित्या आहेत: मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर. आपला नाशिक जिल्हा पुण्याच्या समितीकडे येतो. रुग्णाची नोंद त्याच्या प्रत्यारोपण रुग्णालयामार्फत समितीकडे होते. दाता मिळाला की रक्तगटाप्रमाणे यादी निघते. किडनीसाठी गुण लागतात: किती काळ डायलिसिसवर आहे, फिस्टुलासाठी शिरा उरल्यात का, आधीचं प्रत्यारोपण फसलंय का, रुग्ण लहान मूल आहे का. ज्याने पूर्वी स्वतःची किडनी कोणाला दिली आणि आता त्यालाच गरज पडली, त्याला जादा गुण. मृत दात्याच्या जवळच्या नातलगाला जादा गुण. यकृतासाठी आजाराची तीव्रता पाहतात, आणि यकृत अचानक निकामी झालेल्यांची अतितातडीची यादी वेगळी असते. आधी विभागात, मग राज्यात, मग आपल्या पश्चिम विभागातल्या राज्यांत, मग देशात, आणि भारतीय रुग्ण कोणीच जुळला नाही तर सर्वांत शेवटी परदेशी नागरिक. कोणाला अवयव मिळाला हे दात्याच्या घरच्यांना सांगत नाहीत आणि कोणाचा मिळाला हे रुग्णाला सांगत नाहीत, ते याच कारणासाठी की मध्ये पैसा आणि उपकार शिरू नयेत. गुणांच्या या तक्त्यात उत्पन्नाला रकाना नाही.

पद्धत निर्दोष आहे असं मी म्हणणार नाही. दाता ज्या रुग्णालयात असतो ते स्वतः प्रत्यारोपण केंद्र असेल तर साधारणपणे एक किडनी त्यांच्याच यादीत जाते आणि दुसरी सामायिक यादीत. मोठ्या रुग्णालयांना दाते जपायला त्याने उत्साह येतो हे खरं, पण ज्या रुग्णालयाकडे प्रत्यारोपणाची सोय नाही त्याला मेंदूमृत्यू जाहीर करण्याचा खटाटोप करायला कारणच उरत नाही. आपल्यासारख्या भागातले दाते तिथेच हातचे जातात. शिवाय प्रत्यारोपणाचा खर्च आणि आयुष्यभराची औषधं गरिबाला अजूनही झेपत नाहीत, त्यामुळे यादीत नाव घालण्याआधीच पुष्कळ जण गळतात. हे बदलायला हवं आणि त्यासाठी आपणच आवाज उठवायला हवा. पण म्हणून दान थांबवलं तर यादी आणखी लांबते आणि लांबलेल्या यादीचा फायदा एकाच माणसाला होतो. तो माणूस म्हणजे दलाल.

दलालाविषयी हात जोडून सांगतो. कर्जाने टेकीला आलेल्या शेतकऱ्याला, काम सुटलेल्या मजुराला हा माणूस गाठतो. २०१६ साली पवईला आणि २०२२ साली पुण्याला किडनीच्या व्यवहाराची प्रकरणं उघडकीस आली, ती आठवा. पुण्याच्या प्रकरणात कोल्हापूरच्या एका बाईला पंधरा लाखांचं आमिष दाखवून, खोट्या कागदपत्रांवर रुग्णाची बायको म्हणून उभं करण्यात आलं होतं. ठरलेली रक्कम मिळाली नाही तेव्हा तिनेच तक्रार केली. जिवंत माणसाची किडनी कायद्याने जवळच्या नातलगालाच देता येते: आईवडील, मुलं, भावंडं, नवराबायको, आजीआजोबा, नातवंडं. त्यापलीकडच्या कोणाला द्यायची तर प्राधिकार समितीपुढे उभं राहून पैशाचा संबंध नाही हे पटवून द्यावं लागतं. अवयवाच्या खरेदी-विक्रीला पाच ते दहा वर्षं कैद आणि वीस लाख ते एक कोटी रुपये दंड आहे. विकणाराही त्यात सापडतो. ओझरमध्ये कोणी असं बोलणं काढलं तर त्याला दारातूनच परत पाठवा आणि पोलिसांना कळवा.

एक गोष्ट बोलायला मला जड जाते, तरी बोलतो. आपल्या घरात किडनी द्यायची वेळ आली की सगळ्यांच्या नजरा कुणाकडे वळतात? आईकडे, बायकोकडे. नोट्टोचे आकडे बघा. २०१९ ते २०२३ या पाच वर्षांत देशात ५६,५०९ जिवंत दात्यांनी अवयव दिले; त्यांत ३६,०३८ स्त्रिया होत्या. अवयव मिळालेल्यांत मात्र पुरुषच फार. तो कमावता आहे, त्याला कामावर जायचंय, असं म्हणत घरची बाई न विचारताच तयार झालेली असते. तिच्या मायेबद्दल मला शंका नाही, तिला खरोखर विचारलं का एवढीच शंका आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये नोट्टोने यादीत स्त्री रुग्णांना आणि मृत दात्यांच्या जवळच्या नातलगांना प्राधान्य द्यायची सूचना राज्यांना केली, ती या अन्यायावरच. पण जिवंत बाईच्या पोटाला सुरी लावायची पाळीच कमी यायची असेल, तर मृत दाते वाढायला हवेत. देशात २०२३ साली मृत दात्यांचा आकडा पहिल्यांदा एक हजाराच्या पुढे गेला. एकशे चाळीस कोटींच्या देशात! दहा लाख लोकांमागे एक दातासुद्धा नाही. स्पेनमध्ये दहा लाखांमागे चाळीसहून जास्त असतात, आणि तिथे १९८९ पासून हे काम रुग्णालयारुग्णालयांत नेमलेल्या समन्वयकांनी उभं केलंय.

काही शंका सारख्या विचारल्या जातात, त्यांची उत्तरं थोडक्यात देतो. संमतीनंतर देह सांभाळायचा आणि अवयव काढायचा खर्च दात्याच्या घरच्यांना द्यावा लागत नाही. अपघाताची केस असेल तर पोलीस आणि शवविच्छेदन आलंच, पण त्याने दान अडत नाही. अवयवदानासाठी सूर्यास्तानंतरही शवविच्छेदनाला नोव्हेंबर २०२१ पासून परवानगी आहे. देह नीट शिवून, स्वच्छ करून परत देतात, सगळे विधी करता येतात. पुढच्या जन्माबद्दल कोणी बोललं तर एवढंच विचारा, की देहाला अग्नी दिल्यावर कोणता अवयव शिल्लक राहतो?

आता मागणी, आणि ती आपण सगळ्यांनी मिळून करायची. नाशिक-ओझर पट्ट्यातल्या अतिदक्षता विभाग असलेल्या प्रत्येक रुग्णालयाने अवयव काढण्याचं केंद्र म्हणून नोंदणी करावी. प्रत्यारोपणाची सोय नसली तरी अशी नोंदणी कायद्याने करता येते. मेंदूमृत्यूची प्रत्येक केस पुण्याच्या समितीला कळवलीच पाहिजे. दिवस उजाडायची वाट पाहत बसलं तर दाता हातचा जातो, कारण मेंदूमृत देह फार वेळ टिकत नाही. आणि आपला विमानतळ! काढलेलं हृदय साधारण चार तास टिकतं, यकृत बारा, किडनी एखादा दिवस. रस्त्याने पुणे गाठायचं तर हृदयाचे चार तास वाटेतच संपतात. ऑगस्ट २०१५ मध्ये पुण्यातल्या दात्याचं हृदय विमानाने मुंबईला आलं आणि मुलुंडच्या रुग्णालयात डॉ. अन्वय मुळे यांच्या पथकाने ते बसवलं, तेव्हा १९६८ नंतर मुंबईत पहिल्यांदा हे घडलं. ओझरची धावपट्टी तर आपल्या उंबऱ्याशी आहे. एचएएल, विमानतळ प्रशासन, जिल्हाधिकारी आणि महामार्ग पोलीस यांनी एकत्र बसून, अवयव घेऊन जाणारं विमान रात्री-अपरात्री किती मिनिटांत सुटू शकेल याची लेखी पद्धत ठरवून ठेवावी. नगरपरिषदेने तसा ठराव करून पाठवावा. आपल्या प्रभागातल्या सदस्याला भेटून हे सांगा.

मेंदूमृत्यू थोड्यांच्याच वाट्याला येतो. बाकी आपण सगळे कधी ना कधी घरी किंवा दवाखान्यात साध्या मरणाने जाणार, आणि तेव्हाही डोळे देता येतात. सहा तासांच्या आत. वय झालेलं असो, चष्मा असो, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं असो, चालतं. माणूस गेला की पंखा बंद करा, पापण्या मिटवा, वर ओला कापूस ठेवा, डोकं उशीने थोडं उंच करा आणि नाशिकच्या नेत्रपेढीला फोन करा. माणसं घरी येतात, अर्ध्या तासात काम होतं, चेहरा तसाच राहतो. नेत्रपेढीचा नंबर आजच शोधून घरात कॅलेंडरवर लिहून ठेवा. ऐन वेळी सापडत नाही.

नोट्टोचा टोल फ्री क्रमांक १८०० ११ ४७७० आहे, चोवीस तास चालू. शंका असेल तर तिथे विचारा, शेजाऱ्याच्या ऐकीव गोष्टींवर ठरवू नका. तालमी, भजनी मंडळं, बचत गट, द्राक्ष बागायतदार, कामगार संघटना, शिक्षक, तुमची पुढची बैठक जी असेल तिच्यात पंधरा मिनिटं या विषयाला द्या. चंपाषष्ठीला खंडेरावाच्या यात्रेला पुण्या-मुंबईची मुलंबाळं घरी येतात, तेव्हा त्यांच्याशीही बोला. पण घरात जे आज आहेत त्यांच्याशी यात्रेची वाट न पाहता आजच बोला, आणि ज्याने हो म्हटलं त्याची नोंद झोपायच्या आधी मोबाइलवर करून टाका.

तुमचा,
एक ओझरकर